एक किलोमीटरची अट : आरटीई प्रवेशातलं २०२४ चं प्रकरण

९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने राजपत्रात एक अधिसूचना काढली आणि आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) नियमांना एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी अट, जोडलं. सरकारी भाषेची सालं काढली तर आत एवढंच होतं : ज्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला गरीब आणि वंचित मुलांसाठीचे पंचवीस टक्के राखीव प्रवेश द्यावे लागणार नाहीत. त्या भागातल्या मुलांनी जवळच्या सरकारी वा अनुदानित शाळेत जावं.

त्या परंतुकात उत्पन्नाचा उल्लेख नव्हता, कुठल्या जातीचा नव्हता, फीचाही नव्हता. होतं ते फक्त अंतर. म्हणून पहिले काही दिवस त्याचा अर्थ फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. एप्रिलमध्ये पालक ऑनलाइन फॉर्म भरायला बसले आणि शाळांच्या यादीतून इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळा जवळपास गायब झालेल्या दिसल्या, तेव्हा आरडाओरडा सुरू झाला. पाच-सहा महिन्यांत हा नियम उच्च न्यायालयाने रद्द केला. पण तो बनला कसा, त्याचा हिशेब कुठे चुकला आणि तो गेल्यावरही काय शिल्लक राहिलं, हे नीट पाहण्यासारखं आहे. शाळेची हद्द आणि घरचं उत्पन्न यांचं आपल्याकडचं नातं या एका प्रकरणात जितकं उघड दिसतं तितकं एरवी दिसत नाही.

कायद्यातला 'शेजार'

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम १२(१)(सी) सांगतं की खासगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या वर्गात किमान २५ टक्के जागा शेजारच्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवायचं. शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर तिथूनच. बदल्यात सरकार शाळेला पैसे देतं : सरकारचा स्वतःचा दर विद्यार्थी खर्च किंवा शाळेची फी, यांत जे कमी असेल ते. खासगी शाळा याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि एप्रिल २०१२ मध्ये हरल्या. अल्पसंख्याक शाळांना मात्र सूट मिळाली, ती २०१४ च्या निकालाने आणखी पक्की झाली.

महाराष्ट्राच्या नियमांत 'शेजार' म्हणजे पहिली ते पाचवीला एक किलोमीटर, सहावी ते आठवीला तीन. प्रवेशाच्या सोडतीत आधी एक किलोमीटरच्या आतली मुलं, मग एक ते तीनमधली, जागा उरल्याच तर त्यापलीकडची.

मूळ कायद्यात शेजार मोजायचा तो खासगी शाळेपासून. तुझ्या दारासमोर राहणाऱ्या गरिबाचा तुझ्यावर थोडा हक्क आहे, असं कायदा त्या शाळेला सांगतो. २०२४ च्या नियमाने टेपचं टोक उचलून दुसरीकडे ठेवलं. आता प्रश्न असा झाला की त्या खासगी शाळेच्या आसपास सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे का? असेल तर खासगी शाळा सुटली. मूल अगदी तिच्या कुंपणाला लागून राहत असलं तरी.

फॉर्म भरताना

हे अंतर पालकांच्या आयुष्यात कसं शिरतं ते पाहू. समजा आई चार घरची कामं करते, वडील रिक्षा चालवतात, खोली भाड्याची आहे. ती महा ई-सेवा केंद्रात जाते. पत्ता टाकला की पडद्यावर नकाशा उघडतो, त्यावर एक फुगा येतो. तो ओढून नेमका आपल्या घरावर आणायचा. वस्तीतल्या गल्ल्या नकाशावर असतातच असं नाही. केंद्रातला मुलगा विचारतो, "मावशी, देवळाच्या अलीकडे की पलीकडे?" त्या उत्तरावर एक किलोमीटरची रेघ कुठे पडणार हे ठरतं. अंतर हवाई मोजलं जातं. मध्ये नाला आहे, रेल्वेचे रूळ आहेत, पूल दीड किलोमीटरवर आहे, हे त्या रेघेला कळत नाही. दहापर्यंत शाळा निवडता येतात. मग सोडत, मग मोबाइलवर मेसेज, मग कागदपत्रांची पडताळणी. फुगा चुकीच्या जागी ठेवलेला आढळला तर मिळालेला प्रवेश रद्द होतो.

भाडेकरूला आणखी एक अडचण. पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार दाखवायचा तर तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा. वस्तीतला घरमालक दहा बाय बाराच्या खोलीचा करार नोंदवून द्यायला सहसा तयार होत नाही, कारण त्याचीच कागदपत्रं धड नसतात. म्हणजे ज्याचं घर कागदावर पक्कं, त्याचा शेजारही पक्का. ज्याचं नाही, तो शाळेच्या भिंतीला टेकून राहिला तरी नकाशावर कुठेच राहत नाही.

एवढं सगळं करूनही २०२३-२४ मध्ये राज्यात सुमारे एक लाख जागांसाठी साडेतीन लाखांहून अधिक अर्ज आले होते. लोकांना या जागेचं मोल किती वाटतं याचा याहून वेगळा पुरावा शोधायची गरज नाही.

सरकारला हे का हवं होतं

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती, ती आधी मांडायला हवी. खासगी शाळांना द्यायच्या प्रतिपूर्तीचा दर विद्यार्थ्यामागे वर्षाला १७,६७० रुपये होता. दर वर्षी पहिलीत नवी खेप येते आणि आठ वर्षं राहते. म्हणजे खर्च साचत जातो. शासनाने हे पैसे वेळेवर दिलेच नाहीत, करोनाच्या वर्षात तर दर ८,००० वर आणला. खासगी शाळांच्या संघटना थकबाकीसाठी ओरडत होत्या, अधूनमधून बहिष्काराची भाषा करत होत्या. दुसरीकडे जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट घसरत होता. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विषय त्याच सुमारास चर्चेत होता. मग मंत्रालयातला विचार सरळ आहे : आपली शाळा बाजूलाच उभी आहे, शिक्षकांचा पगार आपण देतोच आहोत, तर त्याच मुलासाठी पुन्हा खासगी शाळेला पैसे का मोजायचे?

उदाहरणंही समोर होती. केरळच्या नियमांत अशी तरतूद आधीपासून आहे. कर्नाटकने २०१८ च्या अखेरीस असाच बदल केला आणि तिथल्या उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्यानंतर कर्नाटकात आरटीईचे अर्ज लाखांवरून काही हजारांवर आले. हा आकडा मुंबईत कुणी पाहिला नसेल असं मला वाटत नाही. उलट तोच पाहून नियम लिहिला गेला असावा, हा माझा संशय.

या युक्तिवादात एक गोष्ट मात्र लपते. थकबाकी सरकारची, त्यामुळे कुरकुर खासगी शाळांची. दोघांचंही भांडण एका परंतुकाने मिटलं. सरकारचे पैसे वाचले, शाळांना पंचवीस टक्के जागा फी घेऊन भरायला मोकळ्या झाल्या. या तडजोडीत ज्याला काहीच मिळालं नाही, तो चर्चेला बसलेलाच नव्हता.

त्रिज्येचा हिशेब

एक किलोमीटर ऐकायला थोडं वाटतं. पण नियम वर्तुळाचा आहे. एक किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ तीन चौरस किलोमीटरहून थोडं जास्त भरतं. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईत एका चौरस किलोमीटरला सुमारे वीस हजार माणसं राहतात. म्हणजे एका वर्तुळात साठ हजार. साठ हजारांच्या वस्तीत महापालिकेची एकही शाळा नाही आणि एकही अनुदानित शाळा नाही, अशी जागा शहरात शोधून तरी सापडेल का? पुणे, ठाणे, नाशिक, नागपूरच्या जुन्या भागांतही तेच. तालुक्याच्या गावात तर सगळं गावच एका वर्तुळात बसतं आणि जिल्हा परिषदेची शाळा मध्यभागी असते.

अट कुणाला लागू होणार नाही, हे पाहिलं की तिचं खरं काम कळतं. सुटका होणार नव्हती ती गावाबाहेर, माळावर, हायवेला लागून उभ्या राहिलेल्या शाळांची. तिथे वर्तुळात सरकारी शाळा नाही हे खरं, पण एक किलोमीटरच्या आत राहणारी गरीब मुलंही फारशी नाहीत. म्हणजे जिथे जागा देणं बंधनकारक राहिलं तिथे मागणारे थोडे, आणि जिथे मागणारे हजारो तिथे बंधनच नाही.

आकड्यांत हे लगेच उमटलं. नव्या नियमाच्या यादीत राज्यभरच्या सरकारी आणि अनुदानित शाळा घातल्या गेल्या, त्यामुळे कागदावर जागा आठ-नऊ लाखांच्या घरात गेल्या. अर्ज मात्र सत्तर हजारांच्या आतच राहिले. आदल्या वर्षी एक लाख जागांना साडेतीन लाख अर्ज आले होते. लोक मूर्ख नसतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेश तसाही मोफत आणि बिनसोडतीचा मिळतो. त्यासाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि नकाशावरचा फुगा कशाला?

न्यायालयात

पालक आणि काही संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे २०२४ ला अधिसूचनेला स्थगिती मिळाली. सरकारला जुन्या पद्धतीने पुन्हा अर्ज मागवावे लागले आणि या वेळी साधारण एक लाख जागांसाठी दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास अर्ज आले. जूनच्या पहिल्या आठवड्यात सोडतही काढली गेली. पण अंतिम निकाल बाकी असल्याने यादी जाहीर झाली नाही.

१९ जुलैला मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने अधिसूचना रद्द केली. कायद्याच्या दृष्टीने मुद्दा अवघड नव्हता. कलम १२(१)(सी) मधलं बंधन संसदेने कुठल्याही अटीशिवाय घातलेलं आहे. शेजारी शाळा काढणं ही सरकारची जबाबदारी कलम ६ मध्ये वेगळी सांगितली आहे. एक पार पाडली म्हणून दुसरी संपत नाही. आणि राज्याने नियम करायचे ते कायदा राबवण्यासाठी, त्याला भोक पाडण्यासाठी नाही (शब्द माझे, आशय निकालाचा). राज्यघटनेचाही भंग झाल्याचं न्यायालय म्हणालं. खासगी शाळांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथे ऑगस्टमध्ये दाद लागली नाही.

निकालात एक व्यवहारी भागही होता. फेब्रुवारी ते मे या काळात काही शाळांनी राखीव जागा फी घेऊन भरून टाकल्या होत्या. ते प्रवेश न्यायालयाने मोडले नाहीत. पण पंचवीस टक्के द्यायचेच, त्यासाठी गरज पडली तर मंजूर विद्यार्थीसंख्या वाढवून घ्या, असं सांगितलं. फी भरलेल्या मुलाची खुर्ची काढली नाही, दुसरी मांडायला लावली.

ती खुर्ची भरायला मात्र उशीर झाला. महाराष्ट्रात बहुतेक शाळा जूनच्या मध्याला उघडतात. आरटीईच्या मुलांचे प्रवेश सुरू झाले जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. पहिलीच्या वर्गात तोवर बाकं ठरली होती, बाईंना नावं पाठ झाली होती, मुळाक्षरं गिरवून संपत आली होती. कित्येक पालकांनी वाट पाहण्याऐवजी जूनमध्येच उसने पैसे काढून दुसरीकडे नाव घातलं. नियम न्यायालयात हरला, तरी त्या वर्षापुरतं बरंचसं काम करून गेला.

हद्द कुणाला लागू

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग ना अधिसूचनेत आहे ना निकालात. तो वर्गातल्या उरलेल्या पंच्याहत्तर टक्क्यांत आहे. त्यांना अंतराची अट कधीच नव्हती. खासगी शाळेची पिवळी बस सकाळी सात वाजता दहा-बारा किलोमीटरवरून मुलं गोळा करत येते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. त्या मुलाचा शेजार म्हणजे बसचा मार्ग. किलोमीटर मोजायचा तो फी न भरणाऱ्याचा.

अमेरिकेत सरकारी शाळांच्या हद्दी सगळ्यांना लागू असतात. तिथे पैसेवाला माणूस चांगल्या शाळेच्या हद्दीत महाग घर घेतो आणि उत्पन्नाची भिंत घरांच्या किमतींतून उभी राहते. आपल्याकडे घर बदलायचीही गरज पडत नाही, फी भरली की हद्द संपते.

हद्द फी भरणाऱ्यांनाही लावून पाहण्याचा प्रयत्न दिल्लीत झाला. जानेवारी २०१७ मध्ये दिल्ली सरकारने दिल्ली विकास प्राधिकरणाच्या जमिनीवरच्या २९८ खासगी शाळांना सांगितलं की नर्सरीचे प्रवेश शेजारच्या मुलांना आधी द्या : आधी एक किलोमीटर, मग तीन. सवलतीच्या जमिनीच्या करारातच तशी अट होती. शाळा न्यायालयात गेल्या, पालकही गेले. महिनाभरात, फेब्रुवारीत, दिल्ली उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. मुद्दा होता पालकांच्या निवडीच्या स्वातंत्र्याचा आणि शाळांच्या स्वायत्ततेचा. कायदेशीर संदर्भ वेगळे आहेत, हे मान्य. तरी दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून वाचली की राहवत नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाची शाळा निवडणं हा एकाचा हक्क ठरतो, आणि समोरच्या शाळेत जाण्यासाठी दुसऱ्याला तहसीलदाराचा शिक्का लागतो.

कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये शेजारशाळेची शिफारस केली होती तिचा अर्थ याच्या उलट होता. परिसरातलं प्रत्येक मूल, जात-धर्म-मिळकत न पाहता, परिसरातल्या एकाच शाळेत जाईल. वकिलाचं, हमालाचं, कलेक्टरचं. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने समान शाळापद्धतीची कल्पना स्वीकारली, १९८६ च्या धोरणाने पुन्हा उच्चारली, आणि तिथेच ती राहिली. २०२४ मध्ये तोच 'शेजार' वापरून मुलं वेगवेगळ्या शाळांत वाटण्याचा नियम केला गेला.

एकत्र बसल्याने काय होतं यावर बोलताना आपल्याकडे दोन्ही बाजूंनी भावनाच जास्त असते. त्यात एक अभ्यास उपयोगी आहे. दिल्लीतल्या खासगी शाळांत गरीब मुलांना राखीव जागा २००७ पासून मिळू लागल्या. गौतम राव या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या फी भरणाऱ्या मुलांवर काय परिणाम झाला ते तपासलं. अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका प्रयोगात मुलांना रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायचा होता : धावण्यात कच्चा श्रीमंत मुलगा की वेगवान गरीब मुलगा. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती, त्यांनी गरीब जोडीदाराला टाळण्याचं प्रमाण कमी होतं. ती मुलं स्वयंसेवी कामाला अधिक पुढे आली. गणित आणि हिंदीत त्यांचे गुण घटले नाहीत, इंग्रजीत किंचित घटले. 'आमच्या मुलांचा दर्जा खालावेल' ही पालकसभेत कुजबुजली जाणारी भीती या आकड्यांपुढे बरीच फुगवलेली दिसते. इंग्रजीची किंचित घट आहे, तीही सांगायला हवी.

जुना नियमही धड नाही

अधिसूचना गेली म्हणून आधीची व्यवस्था सोन्याची होती असं नाही. दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये. म्हणजे महिन्याला ८,३३३. सरकारनेच ठरवलेलं किमान वेतन ज्याला खरोखर मिळतं तो कामगारसुद्धा या मर्यादेबाहेर जातो. ज्याचा पगार बँकेत जमा होतो तो अडकतो. ज्याची कमाई रोख आहे तो तलाठ्याकडून हवा तो आकडा लिहून आणू शकतो. आणि अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग हे वंचित घटकात येतात, तिथे उत्पन्नाची अटच नाही. सामाजिक कारणं त्याला आहेत आणि ती खरी आहेत. पण परिणामी एकाच सोडतीच्या पिशवीत बंगलेवाल्या बापाचा मुलगा आणि नाका कामगाराची मुलगी यांच्या चिठ्ठ्या सारख्याच वजनाने पडतात. त्यात नोंदणीकृत कागद ज्याच्याकडे तयार, तो पडताळणीत टिकतो. तीन पटींनी अर्ज येऊनही दर वर्षी हजारो जागा रिकाम्या राहतात, त्याचं एक कारण इथे आहे.

दुसरं कारण शाळेच्या आत आहे. फी माफ, पण गणवेश, पुस्तकं, स्नेहसंमेलन, सहल, बस यांच्या नावाने पावती फाटतेच. कायद्यानुसार पुस्तकं आणि गणवेश मोफत मिळायला हवेत. पालकाला हे माहीत असलं तरी मुलाला सात-आठ वर्षं तिथेच काढायची आहेत, म्हणून तो भांडत नाही.

२०२५-२६ ची प्रक्रिया पुन्हा जुन्या नियमांवर, वेळेत सुरू झाली आणि अर्ज परत तीन लाखांच्या पुढे गेले. एका विषयाला मात्र या सगळ्या धामधुमीत कुणी हात लावला नाही. हक्क आठवीपर्यंतचा आहे. आठवीच्या निकालासोबत पालकाच्या हातात नववीच्या फीचा तक्ता येतो, आणि त्या शाळेपासून त्याचं घर किती मीटरवर आहे हे मग कुणी विचारत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची भाषा आहे, कायद्याचं वय अजून सहा ते चौदाच आहे. इंग्रजी माध्यमात आठ वर्षं काढलेली ही मुलं त्यानंतर कुठल्या शाळेत जातात, किती जण तिथेच फी भरून राहतात आणि किती जण महापालिकेच्या वा अनुदानित शाळेत माध्यम बदलून बसतात, याची नोंद शाळांकडून मागवणं शिक्षण खात्याला अजिबात अवघड नाही. प्रत्येक मुलाचा क्रमांक राज्याच्या विद्यार्थी-नोंदणीच्या सरल प्रणालीत आहेच.